चावीचं भोक आणि गगनबावड्याचा पाऊस

आषाढ लागला की गगनबावड्यात ऊन दिसेनासं होतं. करूळ आणि भुईबावडा हे दोन्ही घाट धुक्यात बुडतात, भर दुपारी गाड्यांचे दिवे लागतात आणि सावलीवरून वेळ सांगणारी जुनी माणसंही 'किती वाजलं?' म्हणून विचारतात. कोल्हापूरच्या पश्चिमेला साधारण 55 किलोमीटरवर, सह्याद्रीच्या कडेला असलेल्या या तालुक्याच्या गावात वर्षाला 5000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. मनगटावरच्या घड्याळाची गरज इथं पावसाळ्यात सगळ्यात जास्त, आणि घड्याळं बिघडतात तीही पावसाळ्यातच.

ऑटोमॅटिक घड्याळाचा जन्मही ओल आणि धुळीच्या त्रासातूनच झाला. 'रोज चावी द्यायचा कंटाळा, म्हणून ऑटोमॅटिक' असं आपण समजतो, ते अर्धंच खरं. आपोआप चावी भरणारी खिशातली घड्याळं अठराव्या शतकातच झाली होती, पण खिशात घड्याळ फारसं हलतच नाही, त्यामुळे ती रुजली नाहीत. पहिल्या महायुद्धानंतर जॉन हारवुड या इंग्रज घड्याळजीच्या लक्षात आलं की मनगटी घड्याळात धूळ आणि ओल शिरते ती मुख्यतः चावीच्या भोकातून. मग चावीच काढून टाकली तर? 1924 मध्ये त्याला स्विस पेटंट मिळालं. त्याच्या घड्याळाला बाहेर चावी नव्हतीच, काटे लावायचे ते काचेभोवतीची कडी फिरवून. आत एक वजन हाताबरोबर डोलायचं आणि स्प्रिंगांवर आपटून परत फिरायचं. मंदीत त्याची कंपनी बुडाली, पण 1931 मध्ये रोलेक्सनं पूर्ण गोल फिरणारं वजन आणलं आणि तीच रचना पुढं बहुतेकांनी उचलली.

मागचं झाकण उघडलं की सगळ्यात आधी दिसतं ते हे वजन. त्याला रोटर म्हणतात. अर्धगोल, कडेला जाड आणि मधोमध बसवलेलं. हात हलला की ते फिरतं, त्याची गती लहान लहान चाकांमधून कमी होत होत डबीतल्या मुख्य स्प्रिंगेपर्यंत पोचते आणि स्प्रिंग गुंडाळली जाते. दिवसभर कोयता चालवणाऱ्याच्या हातावर ती गरजेपेक्षा कितीतरी जास्त गुंडाळली जाऊन तुटायला हवी. ती तुटत नाही, कारण साध्या चावीच्या घड्याळासारखं तिचं बाहेरचं टोक डबीला अडकवलेलं नसतं. पूर्ण भरली की ते टोक डबीच्या भिंतीवरून घसरतं. एवढ्याशा घसरण्यावर सगळं ऑटोमॅटिक तंत्र उभं आहे, आणि मला तरी या यंत्रातली सगळ्यात हुशार जागा हीच वाटते.

स्प्रिंगेची ताकद चाकांमधून बॅलन्सच्या चाकापर्यंत जाते. केसासारखी बारीक हेअरस्प्रिंग लावलेलं ते चाक जपानी सेइको कंपनीच्या 7एस26 या यंत्रात तासाला 21,600 ठोके देतं, म्हणजे सेकंदाला सहा. अशा यंत्राचं घड्याळ दिवसाला 20 सेकंद पुढं गेलं तर लोक घड्याळजीकडे तक्रार घेऊन जातात. दहा हजार सेकंदांत साधारण सव्वादोन सेकंदांची ती चूक आहे. सेलचं घड्याळ यापेक्षा अचूक चालतं, पण ही तुलनाच मला अन्यायाची वाटते.

आपल्याकडे हे यंत्र आलं दोन वाटांनी. सरकारी एचएमटीनं 1961 मध्ये जपानच्या सिटिझनच्या मदतीनं बंगळुरूत घड्याळं बनवायला सुरुवात केली. 'जनता' चावीचं, 'कांचन' ऑटोमॅटिक, वार-तारखेसह. 2016 च्या जानेवारीत केंद्र सरकारनं एचएमटीचा घड्याळांचा धंदा बंद करायचं ठरवलं, तरी घराघरांतल्या कपाटांत ही घड्याळं अजून पडून आहेत. दुसरी वाट आखाताची. तिकडं कामाला गेलेली माणसं 'सेइको फाइव्ह' घेऊन यायची. 1963 पासूनच्या या मालिकेत चावी चारच्या आकड्यापाशी, अंगात दडवलेली असायची. तिला हात लावायची गरज पडू नये, हा त्यामागचा हिशेब.

आता ओलीचं बघू. घाटाखालच्या दमट उकाड्यातून वर गारव्यात आलं की काच आतून धुकटते. आत कोंडलेली वाफ थंड काचेवर पाणी होऊन बसते. थोड्या वेळानं काच स्वच्छ होते आणि माणूस निर्धास्त होतो. पण पाणी गेलेलं नसतं, काचेवरून यंत्रात सरकलेलं असतं. घड्याळजींच्या टेबलावर असं घड्याळ उघडलं की बहुतेक वेळा चावीच्या पोलादी दांडीवर तांबूस पूड दिसते. तिथून गंज शेजारच्या चाकांत जातो, आणि हेअरस्प्रिंगेला एक ठिपका जरी लागला तरी वेळ कायमची बिघडते. तांदळाच्या डब्यात घड्याळ पुरून ठेवणं हा इलाज नाही. काच धुकटली की दोन-चार दिवसांत उघडून घ्यावं.

ओल अडवते ती रबराची रिंग, चावीला एक आणि झाकणाला एक. चार-पाच वर्षांत घाम-उन्हानं ती कडक होते. मग 'वॉटर रेझिस्टंट 30 मीटर' हे डायलवरचं लिहिणं नुसतं लिहिणंच राहतं. तसंही ते आकडे प्रयोगशाळेतल्या स्थिर दाबाचे असतात. नव्या घड्याळातही 30 मीटर म्हणजे शिंतोडे, ओढ्यात उतरणं नव्हे. ऑनलाइन मिळणारी, डायल नव्यानं रंगवलेली स्वस्त जुनी घड्याळं, हौशी लोक ज्यांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात, ती घाटमाथ्यावर घेऊच नयेत. त्यांत बऱ्याचदा या रिंगेचाच पत्ता नसतो.

बाकीची निगा थोडकी आहे. रात्री नऊ ते पहाटे तीन तारीख बदलू नका, त्या वेळी तारखेची चाकं एकमेकांत गुंतलेली असतात आणि दात मोडतो. 7एस26 ला हातानं चावी भरता येत नाही, बंद पडलं तर अलगद डोलवा. पूर्ण भरलं की साधारण 40 तास चालतं. एकाएकी मिनिटांनी पुढं पळू लागलं तर बहुधा चुंबक लागलेलं असतं. स्पीकरपासून जपा. घड्याळजी ते काही सेकंदांत उतरवतात. आणि चार-पाच वर्षांनी सगळं खोलून, धुऊन, नवं तेल. चालतंय म्हणून तसंच वापरत राहिलात तर वाळलेल्या तेलात धूळ मिसळते आणि चाकांची टोकं झिजतात. वरवर तेलाचा थेंब सोडून 'सर्व्हिसिंग झालं' म्हणणाऱ्याकडे परत जाऊ नका.

मृगाआधी आपण घर शाकारतो, सरपण आत घेतो, मिठाची बरणी भरतो. या आगोटीच्या कामांत घड्याळाचं एक काम घाला: मे महिन्यात कोल्हापूरला गेलात की दोन्ही रिंगा बदलून, पाण्याच्या दाबाची तपासणी करून घ्या. जुन्या रिंगा हातात मागून घ्या, आणि चावी पूर्ण आत बसलीय ना, हे घरातून निघताना अंगठ्यानं दाबून बघा.