उकळी आली की आच कमी

डाळीला उकळी फुटली की पातेल्यातल्या पाण्याचं तापमान १०० अंश सेल्सिअसला येऊन थांबतं. त्यापुढे गॅस कितीही मोठा केला तरी ते १०१ होत नाही. महाबळेश्वरच्या उंचीवर हवेचा दाब कमी असतो, तिथे तर ते ९५ अंशांच्या आसपासच थांबतं. मग मोठ्या आचेची जादा उष्णता जाते कुठे? पाण्याची वाफ करण्यात. डाळ शिजते ती पाण्याच्या तापमानावर, त्यामुळे खळखळणाऱ्या पाण्यात आणि मंद रटरटणाऱ्या पाण्यात तिला जवळपास सारखाच वेळ लागतो. सकस जेवण आणि इंधनाची बचत या दोन्हींचा हिशेब इथूनच सुरू होतो.

एक लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला सुमारे ३१४ किलोज्यूल उष्णता लागते. तेच पाणी उकळून पूर्ण आटवायचं तर आणखी २,२६० किलोज्यूल लागतात, म्हणजे सातपटीहून जास्त. एक किलो एलपीजीत साधारण ४६ मेगाज्यूल उष्णता असते आणि घरगुती शेगडीवर त्यातली साठ-पासष्ट टक्केच भांड्याला मिळते असं धरू. या हिशेबाने एक लिटर पाणी उडून गेलं की त्यासोबत सुमारे ७५ ग्रॅम गॅस गेला. उघड्या भांड्यांतून रोज अर्धा लिटर पाणी विनाकारण उडालं, तर वर्षाकाठी १४.२ किलोचा जवळजवळ एक अख्खा सिलिंडर वाया जातो. आपला देश वापरतो त्यातला निम्म्याहून अधिक एलपीजी परदेशातून येतो, तेव्हा हा प्रश्न एकट्या घराच्या खर्चापुरता राहत नाही.

झाकणावरचं पाणी

भाजी वाफेवर शिजवताना कढईवर ताट झाकून त्यात पाणी ठेवायची आपल्याकडे जुनी पद्धत आहे. भाजीतून निघालेली वाफ गार ताटाला लागते, तिचं पाणी होतं आणि ते थेंब परत भाजीत पडतात. वाफेने सोडलेल्या उष्णतेवर ताटातलं पाणी तापतं. भाजी कोरडी पडली तर हेच गरम पाणी वर घालायचं, म्हणजे शिजणं थांबत नाही. बाहेर जाणारी उष्णता अशी पुन्हा कामाला लागते.

पोषणाचा फायदाही याच पद्धतीत आहे. क जीवनसत्त्व, थायामिन आणि फोलेट पाण्यात विरघळतात. भरपूर पाण्यात भाजी उकडून ते पाणी ओतून दिलं, तर पाणी तापवायला लागलेला गॅस आणि त्यात उतरलेली जीवनसत्त्वं दोन्ही मोरीत जातात. क जीवनसत्त्व तर उष्णतेने आणि हवेनेही नष्ट होतं. म्हणून पालेभाजी आधी धुवावी, मग चिरावी आणि कमीत कमी पाण्यात, झाकून, थोडाच वेळ शिजवावी. भात वेळून शिजवणाऱ्यांनी ते पाणी फेकू नये, आमटीत घालावं.

कुकर आणि वीस अंश

१६७९ साली देनी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने लंडनमध्ये घट्ट झाकणाचं एक भांडं तयार केलं. कोंडलेल्या वाफेमुळे आतला दाब वाढायचा आणि हाडंसुद्धा मऊ व्हायची. भांडं फुटू नये म्हणून त्याने सुरक्षा झडपही जोडली. आपला कुकर याच तत्त्वावर चालतो. शिटीच्या वजनामुळे आतला दाब बाहेरच्या हवेच्या साधारण दुप्पट होतो आणि पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं. तापमान दहा अंशांनी वाढलं की शिजण्याचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. वीस अंश वाढले की वेळ साधारण चौथाईवर येतो.

शिटी होते तेव्हा तापलेली वाफ बाहेर पडते, म्हणजे गॅसच बाहेर पडतो. पहिली शिटी झाली की आच अगदी बारीक करावी आणि पुढचा वेळ शिट्यांवर न मोजता घड्याळावर मोजावा. गॅस बंद केल्यावर वाफ आपोआप जिरू द्यावी. दाब उतरेपर्यंत आतलं तापमान शंभराच्या वरच असतं, म्हणजे तेवढा वेळ डाळ फुकटात शिजते.

एकाच आचेवर भात, वरण आणि बीट असे डबे रचण्यातही मोठी बचत आहे. कोलकात्याच्या इंदुमाधव मल्लिक यांनी १९१० च्या सुमारास कोळशावर चालणारा डब्यांचा ‘इकमिक कुकर’ बनवला होता. पुण्याच्या ‘आरती’ या ग्रामीण तंत्रज्ञानाच्या संस्थेने ‘सराई कुकर’ तयार केला. त्यात सुमारे १०० ग्रॅम कांडी कोळशावर एका कुटुंबाचं जेवण वाफेवर शिजतं, आणि असा कोळसा उसाच्या पाचटापासूनही करता येतो.

रात्रभर भिजवण्याचं रसायन

सगळ्यात स्वस्त इंधन म्हणजे वेळ. हरभरे, चवळी, राजमा रात्री भिजत घातले की पाणी दाण्याच्या गाभ्यापर्यंत पोहोचतं आणि सकाळी आचेचा वेळ खूप कमी होतो. कडधान्यातलं फायटेट लोह आणि जस्त अडवून धरतं. भिजवल्याने त्यातलं काही कमी होतं. मोड आणले तर दाण्यातलं विकर ते आणखी फोडतं आणि कोरड्या दाण्यात जवळपास नसलेलं क जीवनसत्त्वही तयार होतं. मोडाची मटकी काही मिनिटांत शिजते. उसळीइतका पौष्टिक आणि कमी गॅसचा दुसरा पदार्थ शोधूनही सापडायचा नाही.

डाळ शिजत नाही याची कारणंही पाहावीत. बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम दाण्यातल्या पेक्टिनला घट्ट करतं. चिंच, आमसूल, टोमॅटो यांच्या आंबटपणामुळेही पेक्टिन लवकर सुटत नाही, म्हणून आंबट नेहमी डाळ शिजल्यावर घालावं. खायचा सोडा घातला की डाळ पटकन मऊ होते खरी, पण थायामिन नष्ट होतं. त्यापेक्षा दोन तास आधी भिजवणं बरं.

जिथे काटकसर नको

राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विषारी प्रथिन असतं. अर्धवट शिजलेल्या राजम्याने उलट्या आणि जुलाब होतात. तो किमान पाच तास भिजवावा, ते पाणी टाकावं आणि नव्या पाण्यात कुकरमध्ये पूर्ण मऊ शिजवावा. नुसता मंद आचेवर कोमट ठेवलेला राजमा धोक्याचा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शिकेत डाळी-कडधान्यं उकडणं किंवा कुकरमध्ये शिजवणं उत्तम मानलं आहे. गरजेपेक्षा जास्त वेळ शिजवल्यास मात्र प्रथिनांचा दर्जा घसरतो, असंही त्यात म्हटलं आहे.

इंडक्शन शेगडीवर हेच सगळे नियम लागू होतात, फक्त उष्णता कमी वाया जाते. एका सिलिंडरमधून भांड्याला जेवढी उष्णता मिळते, तेवढीच द्यायला इंडक्शनला सुमारे १४० युनिट वीज लागते. आपल्या बिलातल्या दराने गुणून पाहिलं की स्वस्त काय ते कळतं. मात्र दर महिन्याच्या वापराच्या टप्प्यानुसार चढतो, म्हणून हिशेब वरच्या टप्प्याच्या दराने करावा.

नवा सिलिंडर लावला की कॅलेंडरवर तारीख लिहायची सवय अनेक घरांत आहे. पुढचा सिलिंडर लावाल तेव्हा त्या तारखेपासून झाकण, भिजवण आणि बारीक आच हे तीन नियम घरातल्या सगळ्यांनी पाळावेत, चहा करणाऱ्यानेसुद्धा. तो संपेल त्या दिवशी आधीच्या सिलिंडरचे दिवस आणि याचे दिवस शेजारी-शेजारी मांडावेत. किती वाचलं, याचं उत्तर दुसऱ्या कुणाला विचारावं लागणार नाही.