मैलापूरला संपणारा नाच

केरळच्या सिरियन ख्रिस्ती लोकांचा एक जुना नाच आहे, मार्गमकळी. मधोमध पेटती समई, भोवती बारा जण आणि तोंडाने गाणं, एवढाच त्याचा पसारा. गाण्यात एका माणसाचा प्रवास सांगितलेला असतो. येशूच्या बारा शिष्यांपैकी संत थोमा एका व्यापाऱ्याबरोबर समुद्र ओलांडून येतो, राजासाठी महाल बांधायचं काम अंगावर घेतो, लोकांना धर्म सांगत फिरतो आणि शेवटी मैलापूरला भाल्याने मारला जातो. मैलापूर म्हणजे आजच्या चेन्नईतला जुना, गजबजलेला भाग. केरळातल्या कोट्टायमच्या अंगणात माणसं पिढ्यानपिढ्या जी गोष्ट नाचत आली, तिचा शेवट चेन्नईत होतो. आणि चेन्नईत वाढलेल्या मल्याळी ख्रिस्ती मुलांना हा नाच मुळापासून शिकायचा तर कोट्टायमची गाडी पकडावी लागते. चर्चच्या युवा गटाची अशी सहल कशी आखतात हे समजायला आधी नाच कसा चालतो ते पाहू.

भोंडल्यात मध्ये हत्ती असतो, तशी इथे मध्ये समई. ख्रिस्ती घरातल्या समईच्या टोकाला क्रूस असतो. समई म्हणजे ख्रिस्त आणि नाचणारे बारा म्हणजे त्याचे शिष्य, असा अर्थ सांगतात. शिकवणाऱ्या गुरूला आशान म्हणतात. आशान ओळ गातात, रिंगणातले ती उचलतात आणि उचलताना पावलंही टाकतात. वाद्य म्हणाल तर फक्त झांज. ढोल नाही, पेटी नाही. त्यामुळे सगळा भार श्वासावर येतो. गुडघ्यात वाकायचं, कंबरेतून वळायचं, रिंगण तुटू द्यायचं नाही आणि वर गायचंही. नव्या गटाची गाडी पहिल्यांदा अडते ती पायांपाशी नव्हे, दमापाशी. स्टेजवर आता बऱ्याचदा गाणारे वेगळे उभे असतात, त्यांच्या हातात माइक असतो आणि नाचणारे नुसते ओठ हलवतात. सोय होते खरी, पण नाचातली मेहनत अर्धी होते आणि मजाही.

संपूर्ण मार्गमकळीत चौदा पदं आहेत. सुरुवातीला वंदनाचं गाणं होतं, त्यात मोरपिसाचा उल्लेख येतो. जुन्या काळी नाचणारे पुरुष पागोट्यात मोरपीस खोवत. मग एकेक पद. प्रत्येकाची चाल वेगळी, पावलं वेगळी. पद संथ सुरू होतं, हळूहळू लय चढते आणि शेवटी जलद पावलांचा एक झपाटा येतो. त्याला कलाशम म्हणतात. कलाशम संपला की रिंगण पुन्हा स्थिर, पुन्हा समईकडे तोंड, पुढचं पद. शरीराची ठेवण कळरीपयट्टू या केरळच्या युद्धकलेच्या आखाड्यातून आली असावी, असं हा नाच पाहताना वाटतंच, आणि अभ्यासकही तसं सांगतात. वजन खाली ठेवून, पाय रोवून नाचायची ही रीत आहे. सिनेमातल्या नाचाची सवय असलेल्या मुलांना ती सुरुवातीला जड जाते.

चौदाही पदं सलग करणारे गट आता विरळाच. कार्यक्रमात दहा-पंधरा मिनिटं मिळतात, मग तीन-चार पदं निवडावी लागतात. खरा निर्णय इथे असतो. स्पर्धेला जाणारे गट ज्यांचा कलाशम डोळ्यांत भरतो अशी पदं उचलतात, आणि गोष्ट मध्येच तुटते. माझं मत विचाराल तर निदान महालाचा प्रसंग आणि मैलापूरचा शेवट एवढं तरी ठेवावं. नाहीतर पाहणाऱ्याला पांढऱ्या कपड्यातलं एक रिंगण तेवढं दिसतं.

महालाचा प्रसंग असा. राजा थोमाला भरपूर पैसे देतो आणि महाल बांधायला सांगतो. थोमा ते सगळे गोरगरिबांत वाटून टाकतो. राजा हिशोब मागतो तेव्हा म्हणतो, महाल स्वर्गात बांधलाय. त्याची रवानगी तुरुंगात होते. त्याच सुमारास राजाचा भाऊ मरतो, स्वर्गात तो महाल स्वतःच्या डोळ्यांनी पाहतो आणि ते सांगायला परत जिवंत होतो. ही कथा तिसऱ्या शतकातल्या एका सिरियाक ग्रंथातून आलेली आहे. तिथे राजाचं नाव गुंदफर. या नावाचा राजा खरोखर होऊन गेला. त्याची नाणी वायव्येकडे, तक्षशिलेच्या परिसरात सापडली आहेत. केरळच्या गाण्यात मात्र तो चोळ राजा झाला. यावर नाक मुरडायचं कारण नाही. मलबारात गाणाऱ्या माणसाला डोंगरापलीकडचा मोठा राजा म्हटलं की चोळच आठवणार.

संत थोमा इसवी सन 52 मध्ये कोडुंगल्लूरला उतरला आणि 72 मध्ये मैलापूरला मारला गेला, ही परंपरेने सांगितलेली सालं. त्याला समकालीन लेखी पुरावा नाही आणि इतिहासकारांचं त्यावर एकमतही नाही. पण सहाव्या शतकापर्यंत पश्चिम किनाऱ्यावर ख्रिस्ती वस्ती होती, हे कॉस्मस नावाच्या अलेक्झांड्रियाच्या प्रवाशाने लिहून ठेवलंय. मिरी पिकते त्या मलबारात चर्च आहे, असं तो म्हणतो, आणि कल्लियाना गावात पर्शियाहून नेमलेला बिशप आहे, असंही. ही कल्लियाना म्हणजे आपलं ठाण्याजवळचं कल्याण, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

हा नाच जपला तो मुख्यतः सिरियन ख्रिस्तींमधल्या क्नानाया लोकांनी. 345 साली क्नायी थोम्मन नावाचा व्यापारी बहात्तर कुटुंबं घेऊन मेसोपोटेमियाकडून कोडुंगल्लूरला आला आणि आपण त्याचे वंशज, असं ते सांगतात. लग्न आपसातच करायचं हा त्यांचा जुना नेम, आणि लग्नघरी मार्गमकळी व्हायची. म्हणजे चेन्नईची मुलं ज्या कोट्टायमला मूळ गाव म्हणून जातात, तिथल्या लोकांचं मूळ गाव आणखी पश्चिमेला आहे. 1599 साली गोव्याचे आर्चबिशप आलेशो द मेनेझिस यांनी उदयंपेरूरला धर्मसभा भरवली आणि मलबारच्या ख्रिस्ती लोकांच्या अनेक चालीरीतींवर बंदी घातली. त्यानंतर मार्गमकळीसारखे खेळ मागे पडले, असं मानतात. गाणं मात्र टिकलं. सतराव्या शतकातल्या कल्लिश्शेरीच्या इट्टी थोम्मन कत्तनार या पुरोहितांनी ते आजच्या रूपात बांधलं, असं समाजात सांगतात. 1910 साली पी. यू. लूकास यांनी जुनी गाणी गोळा करून ‘पुरातन पाट्टुकळ’ हे पुस्तक छापलं. पुढे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोट्टायमचे फादर जेकब वेल्लियान यांच्यासारख्यांनी म्हाताऱ्या आशानांकडून पदं नि पावलं नोंदवून घेतली. 1957 साली सुरू झालेल्या केरळच्या शालेय कलोत्सवात हा नाच स्पर्धेचा विषय झाला आणि पुरुषांचा हा खेळ बघता बघता मुलींचा झाला. आज मार्गमकळी म्हटलं की डोळ्यांसमोर मुलीच येतात.

मुलींचा पोशाखही ठरलेला. चट्टा म्हणजे सैलसर पांढरं झंपर, मुंडू म्हणजे पांढरं धोतर, खांद्यावरून कवणी म्हणजे उपरणं. मुंडूच्या निऱ्या मागे घट्ट दुमडून पंख्यासारख्या उघड्या ठेवतात. कानाच्या वरच्या पाळीत सोन्याचं कडं, आपल्या बुगडीच्या जागी. निऱ्यांचं काम सोपं दिसतं, पण नाचताना त्या सुटल्या की सगळं बिघडतं. घरातल्या आजीला बोलवावं. यूट्यूबवर पाहून मुंडू नेसता येतं, पण त्यात कलाशम करता येत नाही.

आता चेन्नईचा गट. सिरियन ख्रिस्तींमधल्या सिरो-मलबार पंथाच्या होसूर धर्मप्रांताची स्थापना 2017 साली झाली आणि चेन्नईतले या पंथाचे मल्याळी लोक त्यात आले. रविवारी मल्याळममधली कुर्बाना म्हणजे चर्चमधली उपासना, मग धर्मशिक्षणाचा वर्ग, मग युवा गटाची बैठक. मुलं घरी मल्याळम बोलतात, शाळेत तमिळ नि इंग्रजी. मल्याळम लिपी बऱ्याच जणांना वाचता येत नाही. गाणं रोमन लिपीत उतरवून घेता येतं. त्यात एक गंमत अशी की या जुन्या गाण्यांत तमिळचं मिश्रण भरपूर आहे. केरळात वाढलेल्या मुलाला अडखळायला लावणारा शब्द चेन्नईच्या मुलाला सहज कळू शकतो.

सहलीचा महिना निवडताना पावसाचा विचार आधी. संत थोमाचा मुख्य सण 3 जुलैला येतो, पण तेव्हा केरळात मुसळधार पाऊस आणि चेन्नईत शाळा सुरू. ईस्टरनंतरचा रविवार जास्त सोयीचा. तोही थोमाचाच दिवस. त्या सुमारास पेरियार नदीकाठी मलयाट्टूरच्या टेकडीवर भाविकांची रीघ लागते, काही जण खांद्यावर लाकडी क्रूस घेऊन चढतात. सुटीचे दिवस असतात, पण गाड्या भरलेल्या. मोठ्या गटाचं आरक्षण आयत्या वेळी मिळत नाही.

चेन्नई सेंट्रलहून संध्याकाळी निघालेली गाडी सेलम, इरोड, कोइंबतूर करत पालक्काडच्या खिंडीतून घाट न चढताच केरळात उतरते आणि पहाटे त्रिशूरला पोहोचते. तिथून पश्चिमेला पालयूर. थोमाने स्थापलेल्या सात चर्चपैकी एक, असं परंपरा मानते. मग किनाऱ्याने खाली कोडुंगल्लूर. रोमन लोक मुझिरिस म्हणत ते बंदर याच भागात होतं; जवळच्या पट्टणमला उत्खननात रोमन मद्यकुंभांचे तुकडे निघाले आहेत. पेरियारच्या मुखाशी अळिक्कोडला थोमाच्या उजव्या हाताचं मानलं जाणारं हाड ठेवलंय. त्याचाही प्रवास पाहण्यासारखा: मैलापूरहून अवशेष एडेस्साला, तिथून कियोस बेटावर, 1258 साली इटलीतल्या ओर्तोनाला आणि त्यातला हा भाग 1953 साली परत केरळात.

एवढं पहिल्या दिवशी पुरे. बऱ्याच सहली इथेच चुकतात: दुसरा दिवस हाउसबोटीला, तिसरा मुन्नारला आणि आशानांना शेवटचा तासभर. हे उलट करायला हवं. कोट्टायमला मुक्काम करावा आणि दिवस आशानांच्या हवाली करावेत. जाण्यापूर्वी फोन करून कोणती पदं शिकायची ते ठरवून घ्यावं, गाणं घरून पाठ करून जावं, म्हणजे तिथला वेळ फक्त पावलांना मिळतो. वेगवेगळ्या गावच्या आशानांची पावलं थोडी वेगळी असतात. स्पर्धांच्या परीक्षकांना एकसारखेपणा हवा असतो, त्यामुळे हे फरक पुसले जातायत. म्हणून दोन आशानांकडे एकच पद पाहून यावं आणि कोणाचं घ्यायचं ते नंतर ठरवावं. चित्रीकरणाची परवानगी विचारावी, आणि दक्षिणा पाकिटात घालून गटातल्या मोठ्या माणसाच्या हातून द्यावी.

कोट्टायममध्ये एक गोष्ट चुकवू नये. क्नानायांचं वलियपल्ली हे चर्च 1550 सालचं. आत दगडात कोरलेले क्रूस आहेत आणि त्यांतल्या एकाच्या कडेने जुन्या पर्शियाच्या पहलवी लिपीतला लेख आहे. तसाच क्रूस चेन्नईत परंगीमलैवर आहे, विमानतळाजवळच्या सेंट थॉमस माउंट टेकडीवर. पोर्तुगीज तिथे चर्चसाठी खोदत असताना 1547 साली तो मिळाला. लेख जवळपास सारखाच. गोव्यात झुआरीकाठी आगशीला 2001 साली याच घराण्यातला आणखी एक क्रूस सापडला. पर्शियातल्या चर्चशी या किनाऱ्यांचं नातं होतं, याचा इतका हातात घेण्याजोगा पुरावा दुसरा नाही. चेन्नईच्या मुलांनी परंगीमलै लहानपणापासून पाहिलेली असते, पण तो दगड आणि कोट्टायमचा दगड एकाच कुळातले हे कोणी सांगितलेलं नसतं.

म्हणून सहलीचा शेवटचा दिवस चेन्नईत ठेवावा. सैदापेटजवळच्या चिन्नमलैला गुहा, तिथे थोमा लपला होता असं सांगतात. मग परंगीमलै, वर जायच्या पायऱ्या अठराव्या शतकात पेत्रूस उस्कान नावाच्या आर्मेनियन व्यापाऱ्याने बांधून दिल्या, आणि अड्यार नदीवरचा जुना पूलही त्यानेच बांधला होता. शेवटी मैलापूरचं सान्थोम. थोमाची मानल्या जाणाऱ्या कबरीवर पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात चर्च बांधलं; आजची पांढरी, उंच मनोऱ्याची इमारत 1896 सालची.

हा नाच पाहायचा असेल तर मराठी वाचकाला चेन्नईला जायलाच हवं असं नाही. सिरो-मलबार पंथाचा कल्याण धर्मप्रांत 1988 साली स्थापन झाला. मुंबई-पुण्यातली त्यांची चर्चेस त्यातली. 3 जुलैच्या आसपासच्या रविवारी चौकशी केलीत तर कुठे ना कुठे मार्गमकळी सापडेल. पाहुण्याला कोणी अडवत नाही. फक्त वेळ नीट विचारून जावं, कारण कुर्बाना लांब चालते आणि नाच तिच्यानंतर असतो.