घासलेट संपलं तव्हा

आजी रेशनच्या दुकानाला शेवटपर्यंत 'कंट्रोल'च म्हणायची. "कंट्रोलात साखर आली का बघ गं," असं तिने म्हटलं की मी पिशवी घेऊन पळायची. हा शब्द कुठून आला, हे विचारायचं मला सुचलं तेव्हा ती ऐंशीच्या पुढे गेली होती. "लढाईतून," ती म्हणाली. "कापडाला कंट्रोल, साखरेला कंट्रोल, घासलेटाला कंट्रोल. लढाई सरली, शब्द ऱ्हायला."

त्यानंतरचे तीन हिवाळे मी तिला बोलतं करत गेले. निफाडचा हिवाळा अख्ख्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. कडाक्याच्या थंडीची बातमी आली की तीत आमच्या गावाचं नाव हमखास असतं. गोधडी लपेटून शेगडीजवळ बसली की आजीला जुनं आठवायचं. तिचा जन्म १९२९ च्या सुमाराचा. दाखला नाही, पण "हिटलरची लढाई लागली तव्हा मी धा वरसांची व्हते" एवढं पक्कं. मी शाळेत इतिहास शिकवते. माझ्या वर्गातलं महायुद्ध पोलंडपासून हिरोशिमापर्यंत जातं. आजीचं निफाड स्टेशनात सुरू होतं आणि सिन्नरच्या एका ओसरीवर संपतं.

तिचे वडील, ज्यांना ती दादा म्हणायची, जीआयपी रेल्वेत गँगमन होते. निफाडच्या आजूबाजूचा रूळ त्यांच्या टोळीकडे. ३ सप्टेंबर १९३९ ला व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी हिंदुस्थान युद्धात उतरल्याचं जाहीर केलं. इथल्या कुणाला विचारलं नव्हतं. गावात काही बदललं नाही, पण रुळांवर बदललं. मिलिटरीच्या गाड्या वाढल्या. इगतपुरीपर्यंत विजेची इंजिनं १९३० च्या सुमारास आली होती, तिथून मनमाडकडे मात्र वाफेचं इंजिन. साइडिंगला गाडी थांबली की इंजिन राख झाडायचं, आणि त्या राखेत अर्धवट जळालेले कोळसे असायचे. आजी आणि तिच्या मैत्रिणी टोपल्या घेऊन टपलेल्या. "गाड्या जितक्या जास्ती, तितकी आमची चूल सुखाची," ती म्हणायची. डब्यात कोण बसलंय याकडे त्यांचं लक्ष नसे. हिंदी फौज युद्धाच्या सुरुवातीला सुमारे २ लाखांची होती, ती शेवटी २५ लाखांवर गेली. पोरी राखेत कोळसे वेचत होत्या आणि वरच्या खिडक्यांतून त्या २५ लाखांतले काही जण गेले असणार.

गोरे शिपाई देवळालीच्या छावणीत असत. मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत तिथे महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या सोल्जरांची डोकी फिरत. त्यामुळे इंग्रजांनी 'देवळाली'चा अपभ्रंश करून वेड लागण्यासाठी 'डुलाली' हा शब्दच पाडला होता, तोही या युद्धाच्या खूप आधी. आजीला हे सांगितलं तर ती गंभीर झाली. "घरापासून लांब ठेवलं तर कुणाचं बी डोकं फिरंल," म्हणाली. ती स्वतःच्या तेराव्या वर्षाबद्दल बोलत होती, हे मला पुढे कळलं.

त्या तेराव्या वर्षी, १९४२ मध्ये, लढाई एकदाची घरात शिरली. मार्चमध्ये जपान्यांनी रंगून घेतलं. ब्रह्मदेशातून येणारा तांदूळ बंद झाला, आणि तिथल्या तेलाच्या विहिरी शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून इंग्रजांनीच एप्रिलमध्ये उद्ध्वस्त केल्या. रॉकेलची टंचाई झाली ती त्यामुळे. हे मी पुस्तकात वाचलेलं. आजीचं वाक्य असं : "लढाई कुठं चालू व्हती, आम्हाला काय ठाऊक? घासलेट संपलं तव्हा कळलं." मग करडईच्या तेलाची पणती. तेलही महाग, म्हणून दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची आणि अंधारात पडून राहायचं.

याच घरात रॉकेलने भरलेला एक कंदील रोज यायचा आणि जायचा. ऑगस्टात 'चले जाव'ची चळवळ पेटली. देशात ठिकठिकाणी रूळ उखडले गेले, तारा तुटल्या. रुळांवर रात्रीची गस्त आली आणि दादांच्या हातात रेल्वेची हातबत्ती. एकदा आजीच्या आईने त्यातलं वाटीभर तेल काढून घ्यायला सांगितलं. दादांनी बत्ती उंच खुंटीला टांगली आणि म्हणाले, "ही रात्री इझली, तर गाडीतली माणसं कुणाच्या जिवावर?" आजीने हा प्रसंग मला निदान चार वेळा सांगितला. ते मनाने चळवळीच्या बाजूचे होते, असंही ती सांगायची. पण रूळ तो रूळ. हा पेच माझ्या पाठ्यपुस्तकात कुठेच नाही.

पैशाची गोष्ट तर आमच्या जिल्ह्याचीच आहे. नाशिकरोडला नोटांचा सरकारी छापखाना १९२८ पासून. युद्ध लागलं तेव्हा देशात दोनशे कोटींहून कमी किमतीच्या नोटा फिरत होत्या, संपलं तेव्हा अकराशे कोटींच्या पुढे. इंग्रज सरकार इथून माणसं, धान्य, कापड उचलत होतं, त्याचं देणं लंडनमध्ये वहीवर मांडत होतं आणि इथल्या माणसांना रुपये छापून देत होतं. माल तेवढाच किंवा कमी, नोटा पाचपटीहून जास्त. भाव भडकले ते असे. १९४० साली एक रुपयाची नोट निघाली, १९४३ मध्ये दोनची. चांदीचा राणीछाप रुपया १९४१ मध्ये चलनातून काढला, पण लोक तो सरकारला कशाला देतात? आजीच्या आईने तीन रुपये बाजरीच्या कणगीत लपवले. पुढे आजीच्या लग्नात त्यांची जोडवी झाली.

मोड तर बाजारातून गायबच झाली होती. धातू वाचवण्यासाठी सरकारने १९४३ मध्ये मधोमध भलं मोठं भोक असलेला पैसा काढला. आधीच्या पैशाच्या निम्म्याहूनही कमी धातूचा. आजीने आपली पहिली कमाई याच पैशांत पाहिली. विड्या बांधायच्या दोऱ्यात ते ओवून ती कमरेला बांधायची.

विड्या, कारण तोवर ती सिन्नरला गेली होती. घरात पाच भावंडं, बाजरी महाग, दादांचा पगार होता तेवढाच. सिन्नरला मावशी विड्या वळायची. सिन्नर, संगमनेर, अकोले हा सगळा विड्यांचा पट्टा. पाऊस बेभरवशाचा, शेती कोरडवाहू, म्हणून घरोघरी बायकांच्या मांडीवर सूप. युद्धाच्या वर्षांत धंदा वाढला होता आणि हात हवे होते. चांदोरी-सायखेडा करत, गोदावरी ओलांडून, बैलगाडीतून दादांनी तिला मावशीकडे सोडलं. "दिवाळीला नेतो," म्हणाले. ती दिवाळी गेली, पुढचीही गेली.

काम कसं चालायचं ते मी तिच्याकडून हातवाऱ्यांसकट शिकले. टेंभुर्णीची पानं रात्री भिजवून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायची. सकाळी पान नरम पडलं की पत्र्याचा फर्मा त्यावर ठेवून कात्रीने कापायचं. शीर विडीच्या मधोमध येता कामा नये, नाहीतर वळताना पान फाटतं. मग डाव्या हातात पान, उजव्या चिमटीत तंबाखू. चिमूट सूपभर तंबाखूतून न बघता घ्यायची, आणि ती दर वेळी तेवढीच. जास्त झाली तर विडी ओढली जात नाही, कमी झाली तर विझते. दोन्ही अंगठ्यांनी वळायचं, जाड टोकाची पाकळी नखाने आत मुडपून तोंड बंद करायचं, बारीक टोकाला दोऱ्याचे दोन वेढे. पंचवीस विड्यांचा एक कट्टा. मजुरी हजारावर.

पहिल्या महिन्यात तिच्या अंगठ्याच्या नखाखाली रक्त साकळलं. तंबाखूच्या भुकटीने डोकं गरगरायचं, भाकरीलाही तोच वास. "मला कैरी खावीशी वाटायची, पण कैरीला बी तंबाखूच लागायचा." सहा महिन्यांत ती मावशीच्या बरोबरीने वळू लागली. बायका ओसरीवर गोल बसत, ओव्या म्हणत, बोटं चालूच. कुणाच्या घरी गमी झाली तर सगळ्या जणी तिचा वाटा वळून टाकायच्या. हे सांगताना आजीचा आवाज बदलायचा. चांगले दिवस होते असं ती कधीच म्हणाली नाही, पण त्या बायकांची नावं तिला एकूण एक पाठ होती.

संध्याकाळी माल कारखान्यात द्यायचा. तपासणारा माणूस कट्टे सोडून बघायचा आणि ज्या विड्या त्याला खराब वाटतील त्या बाजूला टाकायचा. ही छाट. छाटीतल्या विडीची मजुरी नाही, आणि ती परतही मिळायची नाही. चांगल्या विड्याही छाटीत जात, हे ओसरीवरच्या प्रत्येकीला माहीत होतं. १९४३ मध्ये सरकारने तंबाखूवर अबकारी कर बसवला, युद्धाचा खर्च भागवायला. आजीला आठवतं एवढंच, की त्या वर्षी तंबाखू मोजून मिळायला लागला आणि छाट वाढली. या दोहोंचा संबंध मी लावते. तिने लावला नव्हता.

कारखान्याच्या वहीत नाव मावशीचं. घरी वळणारीच्या हाताखाली दोन पोरी आहेत की चार, हे तिथे कुणी लिहीत नसे. इंग्लंडच्या उत्तरेकडच्या, लँकेशायर-यॉर्कशायरच्या आज्यांच्या आठवणी मी हौसेने वाचत आले आहे. त्या चौदाव्या वर्षी शाळा सोडून गिरणीत गेल्या. डिसेंबर १९४१ पासून तिथे विशीतल्या अविवाहित स्त्रियांना कायद्यानेच युद्धाच्या कामाला बोलावता येऊ लागलं. त्यांच्याकडे रेशनची पुस्तकं होती, कामाचे कागद होते, पुढे त्यांना कुणीतरी प्रश्न विचारले आणि उत्तरं जपून ठेवली. त्यांचे कष्ट मला जराही कमी वाटत नाहीत. उलट त्या वाचूनच मला आजीला विचारायची बुद्धी झाली. त्याच राजाच्या त्याच युद्धात माझी आजीही राबली आणि तिच्या तीन वर्षांच्या कामाचा चिटोराही कुठे नाही, याची मला आजही चीड येते.

१९४६ मध्ये लग्न होऊन ती निफाडला परत आली. मग शेतमजुरी, लासलगावला कांदा निवडणं, सहा बाळंतपणं. विडी कामगारांसाठी कायदा झाला १९६६ मध्ये, कल्याण निधी १९७६ मध्ये. ओळखपत्रं मिळाली ती सिन्नरच्या मावसबहिणींना. आजी तेव्हा कांद्याच्या पोत्यांत होती.

शेवटच्या हिवाळ्यात तिने पानं मागितली. मी सिन्नरच्या एका ओळखीच्या बाईंकडून भिजवलेली पानं, दोरा आणि पुडीभर तंबाखू आणला. आजीने कात्री हातात घेतली, पान उजेडात धरून शीर पाहिली. पहिली विडी सुटली, दुसरी वाकडी झाली. तिसऱ्या विडीपासून तिने मान खाली घातली ती तासभर वर केली नाही. मी काहीतरी बोलायला गेले तर हातानेच गप्प केलं.

कट्टा बांधून माझ्यापुढे सरकवला. "मोज."

मी मोजल्या. पंचवीस भरल्या. पण सुपाच्या कडेला आणखी तीन पडल्या होत्या, एकसारख्या, नीट तोंड मुडपलेल्या. त्या का ठेवल्या, विचारलं.

"छाटीच्या," ती म्हणाली. "त्या वरून वळून ठेवायच्या. नाहीतर कट्टा कमी भरतो."