विश्लेषण : शहापूर-मुरबाडच्या रानातील रानमोडी एकट्यादुकट्याने का हटत नाही?

जूनमध्ये पहिला पाऊस पडला की शहापूर, मुरबाडच्या पाड्यांवरील महिला शेवळ्याच्या जुड्या घेऊन कल्याणच्या बाजारात येतात. ही भाजी ज्या रानात उगवते तेथे रानमोडी आणि घाणेरी (टणटणी) फोफावली आहे. रस्त्याकडेला आणि पडीक शेतात गाजर गवत आहे. हे परके तण काढायचे कोणी आणि कधी?

ही झाडे आली कोठून?

तिन्हींचे मूळ अमेरिका खंडात. घाणेरी आणि रानमोडी एकोणिसाव्या शतकात शोभेची झाडे म्हणून कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात आली आणि तेथून पसरली. गाजर गवत १९५०च्या दशकात पुण्यात प्रथम ठळकपणे आढळले. ते अमेरिकेतून आयात केलेल्या धान्याबरोबर आले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते.

नुकसान काय?

गुरे रानमोडीला तोंड लावत नाहीत. तिच्या दाट जाळीखाली गवत आणि रानभाज्या तग धरत नाहीत. घाणेरीचा पाला गुरांना विषारी असतो, तर गाजर गवतामुळे अंगाला खाज सुटते, दम्याचा त्रास बळावतो. रानमोडी उन्हाळ्यात वाळते आणि वणव्याला आयते जळण मिळते. अनेकांना वाटते, जाळले की संपले. पण वरचा भाग जळला तरी बुंध्यातून नवे फुटवे येतात. आगीत जातात ती बहुधा इतर झाडांची रोपे.

एकट्याने का होत नाही?

रानमोडीच्या बियांना बारीक केसांचा झुबका असतो, त्या वाऱ्याबरोबर उडतात. घाणेरीची फळे बुलबुलासारखे पक्षी खातात आणि बिया दूरवर टाकतात. गाजर गवताच्या एका झाडाला हजारो बिया येतात. त्या पाण्याबरोबर, गाडीच्या टायरला चिकटून, बांधकामाच्या मातीतून फिरतात. त्यामुळे एखाद्याने आपला बांध साफ केला, पण शेजारची वरकस जमीन आणि मागचे जंगल तसेच राहिले, तर पुढच्या पावसात तो पुन्हा तिथेच येतो. गाव, पाडा आणि वन विभाग यांनी एकाच हंगामात हात घातला तरच उपयोग होतो.

हंगाम कोणता?

भाताची लावणी आटोपल्यापासून कापणी सुरू होईपर्यंतचा. रानमोडी पावसाळा सरल्यावर फुलते, म्हणून ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जमीन ओली असतानाच ती मुळासकट उपटावी. घाणेरी नुसती छाटली तर अधिक जोमाने फुटते. तिचे मुख्य मूळ कुदळीने जमिनीखाली तोडून झुडूप उलटे ठेवावे लागते. गाजर गवत पांढरी फुले येण्याआधी, हातमोजे घालून उपटावे. जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाच्या पुढाकाराने १६ ते २२ ऑगस्टदरम्यान देशभर याच तणाविरुद्ध जागृती सप्ताह होतो. गाजर गवताची पाने खाणारा मेक्सिकन भुंगाही १९८०च्या दशकात भारतात आणला गेला. तो मदत करतो, पण त्याच्या भरवशावर राहता येत नाही.

मोकळ्या जागेचे काय?

बहुतेक मोहिमा इथेच फसतात. पहिल्या वर्षी झाडे काढताना छायाचित्रे निघतात, तिसऱ्या वर्षी कोणी फिरकत नाही. उघडी पडलेली जमीन पुन्हा तणच बळकावते. गाजर गवताच्या जागी टाकळा पेरावा, अशी कृषितज्ज्ञांची शिफारस आहे. टाकळा दाट उगवून गाजर गवताला दाबतो आणि कोवळा असताना भाजीला चालतो. याच कामासाठी टाकळ्याच्या कुळातली एक अमेरिकी जातही वापरली गेली. आता तीच राज्यात जागोजागी माजली आहे!

लागवडीचे महत्त्व गोंदिया जिल्ह्यात दिसते. अर्जुनी मोरगाव परिसरात ढीवर समाजाच्या महिलांनी अभ्यासक मनीष राजनकर यांच्या सोबतीने जुन्या मालगुजारी तलावांतील बेशरम उपटली. त्या तेवढ्यावर थांबल्या नाहीत. तलावात स्थानिक पाणवनस्पती लावल्या आणि स्थानिक मासे वाढावेत यासाठी काम केले. मासळीवर पोट असल्याने त्यांनी राखणही केली.

अधिकार कोणाचा?

वन्यजीव संरक्षण कायद्यातील २०२२च्या दुरुस्तीने परक्या आक्रमक प्रजातींची आयात, व्यापार आणि प्रसार यांवर नियंत्रणाचा अधिकार केंद्राला मिळाला. मात्र रानात रुजून बसलेल्या झुडपांसाठी गावपातळीवरचे कायदे अधिक कामाचे आहेत. शहापूर तालुका पूर्ण आणि मुरबाड अंशतः अनुसूचित क्षेत्रात येतो, त्यामुळे दोन्हीकडे पेसा लागू आहे. वनहक्क कायद्याच्या कलम ५ नुसार ग्रामसभा जंगल आणि जैवविविधतेच्या रक्षणासाठी निर्णय घेऊ शकते. जैवविविधता कायदा, २००२ नुसार स्थापन झालेली स्थानिक समिती लोकजैवविविधता नोंदवहीत कोणते तण कोठे आहे, हे नोंदवू शकते.

अडचण मजुरीची आहे. लावणीनंतर हाताला काम कमी असते आणि घरातले धान्यही संपत आलेले असते. अशा वेळी आठवडाभर फुकट श्रमदान मागणे योग्य नाही. कापणीनंतर अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर निघून जातात, पाडे ओस पडतात. तोवर रानमोडी फुललेली असते. म्हणून हे काम रोजगार हमीतून हवे असेल तर ग्रामसभेचा ठराव आणि कामाची मंजुरी पावसाळ्याआधीच व्हायला हवी.