कोणती बाजू?

ओमानमध्ये हस्तांदोलन उजव्या हाताने होते. बदू (बेदुईन) पुरुष भेटताना नाकाला नाकही टेकवतात. पण चुंबनासाठी मान कुठे वळते?

ओनुर ग्युन्ट्युर्कुन या मानसशास्त्रज्ञाने जर्मनी, अमेरिका आणि तुर्कस्तानात, विमानतळांपासून समुद्रकिनाऱ्यांपर्यंत चुंबन घेणारी १२४ जोडपी न्याहाळली. २००३ मध्ये निष्कर्ष आला: जवळपास दोन-तृतीयांश उजवीकडे वळली. संशोधक सॅम्युएल शाकी यांच्या २०१३ च्या अभ्यासात मात्र अरबी आणि हिब्रू वाचणाऱ्यांचा कल डावीकडे दिसला. या लिप्या उजवीकडून डावीकडे जातात. वाचनाची सवय जिव्हाळ्याच्या स्पर्शालाही वळण लावत असेल, तर हे खरोखर विलक्षण आहे!

डाव्या-उजव्याचा असा कल बाळाला कुशीत घेतानाही दिसतो. तान्हे बाळ बहुतेक आया डाव्या कुशीतच घेतात. मानसशास्त्रज्ञ ली साल्क यांच्या १९६० च्या नोंदीत उजव्या हाताने काम करणाऱ्या आयांपैकी ८३ टक्के, तर डावखुऱ्या आयांपैकी ७८ टक्के बाळाला डावीकडे घेत होत्या.