पुनर्पडताळणीयोग्य संशोधनासाठी ‘ईमॅक्स’ : स्थापना आणि मांडणी

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील अकराव्या अध्यायात आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती अशी चतुर्विध परीक्षा सांगितली आहे. आपण प्रसिद्ध करीत असलेल्या आकड्यांनाही परीक्षेचा हा न्याय लागू व्हावयास हवा. रुग्णनिरीक्षणाचा अथवा द्रव्यपरीक्षणाचा निष्कर्ष छापून येतो. परंतु दोन वर्षांनी कोणी आधार विचारल्यास नोंदी एका संगणकावर, गणित दुसऱ्या तक्त्यात आणि लेख तिसरीकडे, अशी अवस्था आढळते.

तक्त्यांचे आणखी एक वैगुण्य औषधनिर्मात्यांनी ध्यानात घ्यावे. रकान्याचा प्रकार ‘मजकूर’ असा आधी न ठरविल्यास एक्सेल ‘३-१२’ हा बॅच क्रमांक दिनांक समजून बदलून टाकते. जनुकांच्या नावांबाबत हाच घोटाळा वारंवार झाल्याने मानवी जनुकांच्या नामकरण समितीला २०२० मध्ये काही नावेच बदलावी लागली.

यावर उपाय म्हणजे नोंदींची फाइल साध्या मजकुराच्या स्वरूपात ठेवणे, आणि विवेचन व गणित एकाच लेखफाइलीत लिहिणे. त्यासाठी ‘ईमॅक्स’ हा विनामूल्य मजकूर-संपादक उपयुक्त आहे. रिचर्ड स्टॉलमन यांच्या ग्नू ईमॅक्सची पहिली आवृत्ती १९८५ मध्ये निघाली. कार्स्टेन डॉमिनिक यांनी २००३ मध्ये आरंभिलेला ‘ऑर्ग-मोड’ आता त्यात अंतर्भूत असतो.

मांडणीचा क्रम

१. ग्नू प्रकल्पाच्या अधिकृत संकेतस्थळावरून ईमॅक्स घ्यावे. संख्याशास्त्रासाठी ‘आर’ ही प्रणाली स्वतंत्रपणे बसवावी व विंडोजमध्ये तिचे स्थान ‘पाथ’मध्ये नोंदवावे.

२. ऑर्गच्या ‘बेबल’ भाषासूचीत मुळात केवळ ईमॅक्स लिस्प असते. तीत ‘आर’ जोडावी.

३. फाइल यूटीएफ-८ संकेतनात जतन करावी. जुन्या, युनिकोडपूर्व मराठी फॉन्टमधील मजकूर अन्य संगणकावर वाचता येत नाही. देवनागरी इनस्क्रिप्ट ईमॅक्समध्येच उपलब्ध आहे.

४. गणित चालविण्यापूर्वी संपादक संमती विचारतो. ही सोय बंद करू नये. परक्या फाइलीत अपायकारक आज्ञा असू शकतात.

उदाहरण

समजा, १० ग्रॅम चूर्ण १०५ अंश सेल्सिअसला स्थिर वजन येईपर्यंत वाळविल्यावर ९.२ ग्रॅम उरले. दोन्ही वजने व सूत्र गणितखंडात लिहून, कर्सर तेथे ठेवून ‘कंट्रोल-सी’ दोनदा दाबले की खाली ८ टक्के घट उमटते. वजन ९.३ असे दुरुस्त केल्यास पुन्हा त्याच कृतीने उत्तर ७ टक्के होते. खंडात तशी सूचना असल्यास संपूर्ण लेख निर्यात करताना सूत्र व उत्तर दोन्ही छापले जातात. वाचकास पडताळणीचा मार्ग खुला राहतो.

मूळ नोंदींची फाइल कधीही बदलू नये. दुरुस्ती गणितखंडातच कारणासह लिहावी. रुग्णाच्या नावाऐवजी क्रमांक वापरावा. अखेरीस ‘आर’ची आवृत्ती नोंदवावी, कारण साधन बदलल्यास उत्तरही बदलू शकते. एवढी शिस्त पाळली, तर आपल्या चिकित्सालयातील वा औषधशाळेतील निष्कर्ष दुसऱ्या वैद्यास स्वतः तपासता येईल, आणि अशा तपासणीस उतरलेला अनुभवच शास्त्रचर्चेत प्रमाण म्हणून मांडता येईल.