एव्हरेस्टवरचा हिवाळा

पौष महिन्यात बिलोलीच्या शिवारात हरभऱ्यावर दव पडते आणि वसतिगृहातील मुले पहाटे शाल पांघरून अभ्यासाला बसतात. त्याच सुमारास ८,८४८.८६ मीटर उंचीच्या एव्हरेस्ट शिखरावर सरासरी तापमान उणे ३६ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. इतक्या थंडीत ते शिखर बर्फाने पूर्ण झाकलेले असेल, असे आपणांस वाटते. प्रत्यक्षात त्याचे कडे हिवाळ्यातच अधिक काळे व उघडे दिसतात.

याचे कारण असे की, एव्हरेस्टवर बहुतांश बर्फ पावसाळ्यात पडतो. जे मोसमी वारे आपल्या खरिपाला पाणी देतात, त्यांचीच बंगालच्या उपसागरावरून जाणारी शाखा हिमालयाला धडकते आणि तेथे हिमवर्षाव होतो. हिवाळ्यात हवा कोरडी असते. शिवाय अतिउंचावरून वाहणारा जेट प्रवाह दक्षिणेकडे सरकून शिखरावर येतो. ताशी दीडशे किलोमीटरहून अधिक वेगाचा हा वारा भुसभुशीत बर्फ उडवून नेतो. दुरून पाहता शिखराला पांढरा पिसारा फुटल्यासारखा दिसतो. काही बर्फ न वितळताच थेट वाफ होऊन जातो. यास संप्लवन म्हणतात.

उडालेला बर्फ आडोशाच्या उतारावर साचून त्याची घट्ट लादी बनते. तिच्याखालचा थर मात्र कडाक्याच्या थंडीत खडीमिठासारखा मोकळा होतो. अशा लादीवर माणसाचे वजन पडताच ती तुटून घसरते व हिमस्खलन होते. वरून निर्धास्त वाटणारा उतार म्हणूनच फसवा असतो.

हिवाळी वारे आणि प्राणवायूची एक-तृतीयांशावर आलेली उपलब्धता यांमुळे १९५३ मध्ये सर झालेले हे शिखर हिवाळ्यात प्रथम सर होण्यास १७ फेब्रुवारी १९८० उजाडावे लागले. तो मान दोन पोलिश गिर्यारोहकांना मिळाला. एरवी चढाई मे महिन्यात होते. तेव्हा जेट प्रवाह उत्तरेकडे सरकतो आणि पावसाळ्यापूर्वी वारा काही दिवस मंदावतो.

तरीही धोका टळत नाही. १८ एप्रिल २०१४ रोजी नेपाळच्या बाजूस खुंबू हिमप्रपातावर हिमकडा कोसळून १६ नेपाळी कामगार मृत्युमुखी पडले. त्याच हंगामात तिबेटच्या बाजूने चढत, २५ मे रोजी, मालावत पूर्णा ही अवघ्या तेरा वर्षांची मुलगी शिखरावर पोहोचली. ती आपल्या शेजारच्या निजामाबाद जिल्ह्यातील, शेतमजुराच्या घरची आणि निवासी शाळेचीच विद्यार्थिनी होती. त्यापूर्वी तिने लडाखच्या थंडीत सराव केला होता.

विद्यार्थी मित्रांनो, ते शिखर आपल्यापासून दूर असले, तरी त्याच्या वाटेवर निघालेली मुलगी बिलोलीच्या शेजारचीच होती, हे ध्यानात असू द्यावे.